कागदी सुनांचं सूनमुख

माझ्या सासरी सूनमुख दर रविवारी व्हायचं, घरात कुणाचंही लग्न नसताना.

हल्लीच्या पोरींना सूनमुख म्हणजे काय तेच ठाऊक नसतं, म्हणून आधी ते सांगते. लग्नात सासू नव्या सुनेला शेजारी बसवते, समोर आरसा धरते आणि त्या आरशात तिचं तोंड बघते. एवढाच तो विधी. पण माझ्या सासऱ्यांना टपालाची तिकिटं जमवायचा नाद होता, आणि तो साधासुधा नाद नव्हता. नवं तिकीट हाती लागलं की ते रविवारपर्यंत कुणाला दाखवायचे नाहीत. रविवारी दुपारी त्यांचे दोन दोस्त यायचे, ओसरीवर सतरंजी पडायची, पितळी ताटलीत तिकीट ठेवलं जायचं, आणि ज्याचं तिकीट असेल तो हातआरसा धरायचा. बाकीच्यांनी तिकीट आधी आरशात बघायचं, मग प्रत्यक्षात. त्याआधी कुणी बोट लावलं तर त्याचा त्या दिवसाचा चहा बंद.

ह्या प्रकाराला सूनमुख हे नाव दिलं सासूबाईंनी, आणि तेही वैतागून. "माझं तोंड तुमच्या आईनं आरशात एकदाच बघितलं. तुमी ह्या कागदाच्या सुना दर रविवारी बघता," असं त्या एकदा म्हणाल्या. तिघा म्हाताऱ्यांना तो शब्द इतका आवडला की त्यांनी तो उचललाच, आणि वर सासूबाईंचा आरसाही उचलला. तेव्हापासून तिकीट म्हणजे 'सून'. ते बोलायचेही तसंच. नवी आली, जुनी गेली, लई देखणी मिळाली.

एवढं मला कुणी लग्नाआधी सांगितलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण मला कोण सांगणार? मी मुरुमहून लग्न होऊन तुळजापुरात आले त्याला चारच दिवस झाले होते. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती, आमचा मुलूख मुंबई राज्यात आला होता आणि बाजारात बाया नव्या पैशांवरून दुकानदारांशी भांडत होत्या. आमचे हे येरमाळ्याला नोकरीला होते. रजा संपली तसे ते मोटारीनं निघून गेले, आणि मी एका अनोळखी घरात सासू-सासऱ्यांच्या हवाली झाले. सासरे देवीचे पुजारी. पहाटे देवळात जायचे, उन्हं वर आली की परत यायचे. त्यांना मी मामंजी म्हणायचे. कुठकुठले यजमान त्यांना अभिषेकासाठी, नवसासाठी पत्रं लिहायचे, आणि तिकिटांचा नाद त्यांना तिथूनच लागला होता, हे मला नंतर कळलं.

आता माझ्या दाताचं सांगायला हवं. माझा वरच्या ओळीतला एक दात अर्धा आहे. लहानपणी चिंचेच्या झाडावरून पडले, चिंचा हातात राहिल्या आणि अर्धा दात मातीत गेला. मला बघायला सासरचे मुरुमला आले तेव्हा अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, बजावलं होतं, "विचारतील तेवढ्याला मान हलव. तोंड उघडू नको." मी आख्खी दुपार मुकी बसले. मी! ज्यांनी मला बोलताना ऐकलंय त्यांना ह्यातले हाल कळतील. लग्नातल्या खऱ्या सूनमुखालाही मी ओठ असे आवळून बसले होते की सासूबाईंना वाटलं, पोरगी रागीट आहे. ते काही खोटं नव्हतं. पण दात लपला होता, आणि तो उघडा पडला तर काय होईल ह्या धाकानं मी सासरी हसत नव्हते. बोलायचे तेही पदर तोंडाला लावून.

तो पहिला रविवार. सासूबाई शेजारी शेवया करायला गेल्या होत्या. मी माजघरात दाराआड जोंधळे निवडत बसले होते. ओसरीवर मामंजींचे दोस्त आले. एक शाळेत भूगोल शिकवणारे मास्तर, दुसरे पेशकारकाका. हे निजामाच्या कचेरीत पेशकार होते. राज्य गेलं, कचेरी गेली, पेशकार हे नाव तेवढं त्यांना चिकटून राहिलं, आणि बोलण्यातली उर्दू.

"काय मेहेरबान, नवी आली म्हणं घरात?" पेशकारकाकांनी विचारलं.

"आली की. बुधवारी," मामंजी म्हणाले.

मी बुधवारीच आले होते. मी कान टवकारले.

"कुठली?"

"गुलबर्ग्याकडची."

माझं आजोळ गुलबर्ग्याचं. आता मी सूप खाली ठेवलं.

"तबियत कशी हाय?"

"रंग जरा उतरलाय. उन्हात ऱ्हायली असंल."

मी माझे हात पुढे धरून बघितले. सावळी आहे मी, पण उतरलेला रंग कुणी म्हटलं नव्हतं कधी.

"आणि दात?" हे मास्तर.

मामंजींनी उसासा सोडला. तो उसासा मला दाराआडून स्पष्ट ऐकू आला. "तेच तर. वरच्या अंगाचा एक दात अर्धा हाय. घेताना ध्यानात आलं न्हाय."

"अरारा. दाताला कमी म्हंजे कमीच. पाठ बघितली का?"

"पाठ अजून कुठं बघितली?"

"कमाल करता तुम्ही. पाठ बघितल्याबिगर घेतलीच कशी?"

"आता आलीय तर राहू दे," मामंजी म्हणाले. "हिच्यापेक्षा चांगली गावली की हिला बदलून टाकू."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाठीचं बोलणं ऐकून तर मला वाटलं, सुपातले जोंधळे तिघांच्या डोक्यावर ओतावेत. देवीचे पुजारी म्हणे! पण दाताचं खरं होतं. दात ह्यांना कळला होता. बदलून टाकू म्हणाले होते. आता चांगल्या दातांची कुणी मिळेपर्यंत मी ह्या घरात राहणार, आणि मग पेटीसकट मुरुमला परत. गावात अप्पांनी, माझ्या वडलांनी, कुणाला तोंड दाखवायचं?

बदलायची वाट बघत बसणारी मी नव्हते. दुसऱ्याच दिवशी मुरुमचं एक नवरा-बायकोचं जोडपं देवदर्शनाला आलं, मामंजींकडेच उतरलं. बाईंना पाण्याचा तांब्या देताना मी हळूच म्हटलं, "आमच्या अप्पांना निरोप सांगा. म्हणावं, लेकीला न्यायला या. का म्हणून विचारलं तर सांगा, दात कळला."

बाई माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, पण निरोप त्यांनी घेतला. त्या तिथून येरमाळ्याच्या देवीला जाणार होत्या, मग सोलापूरला भावाकडे, आणि मग मुरुमला. म्हणजे अप्पा लगेच येणार नव्हते. तोवर मी माझ्या परीनं सासरशी असहकार सुरू केला. बोलणं बंद, भाजीत मीठ बेतानं, आणि पदर तोंडावरून हटवायचा नाही.

मामंजींनी ते बघितलं. संध्याकाळी बाजारातून येताना त्यांनी कागदाच्या पुडीत लवंगा आणल्या आणि सासूबाईंजवळ दिल्या. "सूनबाईचा दात दुखतोय वाटतं. दाढंखाली धरायला सांगा."

बघा म्हणजे! वर टोमणे. मी त्या सगळ्या लवंगा भातात टाकल्या. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि म्हणाल्या, "मुरुमला असा भात करतात व्हय?" मामंजी मात्र निमूटपणे लवंगा बाजूला काढत जेवले आणि भात लई खमंग झाला म्हणाले. त्यांच्या ह्या चांगुलपणाचा मला फारच राग आला.

पुढच्या रविवारी सासूबाई घरात होत्या. त्यांनी माझ्या हातात पोह्यांच्या बशा दिल्या आणि ओसरीवर पाठवलं. मी दारापर्यंत गेले आणि पेशकारकाकांचा आवाज आला, "मग काय ठरलं? बदलताय न्हवं तिला?"

"अजून दुसरी गावली न्हाय," मामंजी म्हणाले.

झालं. मी तशीच पुढे गेले, बशा सतरंजीवर आपटल्या, आणि पदर तोंडावरून काढला.

"मामंजी, दात चिंचेवरून पडून मोडला. अव्वानं लपवला, म्या बी लपवला. व्हय, लपवला! बदलायची तर आजच बदला, मी पेटी भरून ठेवलीय. पण ओसरीवर बसून चार लोकांत माझ्या पाठीच्या चौकश्या करायच्या न्हाईत. मी काय बैल हाय?"

मास्तरांनी बशीकडे हात नेला होता, तो तिथंच राहिला. पेशकारकाका सतरंजीचं सूत उपटायला लागले. मामंजी माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, लाज नव्हती, नुसता गोंधळ होता.

"सूनबाई," ते म्हणाले, "कुणाचा दात?"

"माझा!"

"तुमचा मोडलाय व्हय?"

आतून सासूबाईंचा आवाज आला. "मोडलाय की! मला आल्या दिवशीच दिसला. तुमाला कागदाचे दात दिसत्यात, माणसांचे न्हाय." आणि मग त्या बाहेर आल्या, त्यांनी माझ्याकडे बघितलं, ताटलीकडे बघितलं, आरशाकडे बघितलं, आणि सगळं त्यांच्या ध्यानात आलं. त्या मटकन खांबाला टेकून बसल्या आणि हसायला लागल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघत होते. पदरानं डोळे पुसत होत्या आणि बोटानं ताटलीकडे दाखवत होत्या. "अगं पोरी, ती बघ तुझी सवत!"

ताटलीत नखाएवढा एक कागद होता. आदल्या रविवारचंच निजामी तिकीट, गुलबर्ग्याच्या शिक्क्याचं, रंग विटलेला. मामंजींनी मला सतरंजीवर बसवलं, हातात भिंग दिलं आणि शाळेतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं. तिकिटाच्या कडेला बारीक दाते असतात, त्यांना तिकिटं जमवणारे लोक दात म्हणतात. सगळे शाबूत असले तर तिकीट चांगलं. पाठीला डाग नको, पाठ फाटलेली नको. आणि एखादं तिकीट थोडं अधू असेल तर त्याहून चांगलं मिळेपर्यंत ठेवायचं, मग बदलायचं. हे सगळे लोक असंच करतात. सांगताना त्यांचे कान लाल झाले होते.

"आणि सून कशाला म्हणता?" मी विचारलं. राग असा एकदम थोडाच जातो.

तिघांनी सासूबाईंकडे बोट केलं.

मग पेशकारकाकांनी आरसा धरला. "मुलाहिजा फर्माईये, बघून घ्या," म्हणाले. मी वाकून बघितलं. तिकिटावर चार लिप्या होत्या, त्यातली उर्दू आरशात डावीकडून उजवीकडे चाललेली. "आरशात आमची उर्दू बी तुमच्या मराठीसारखी सरळ वागती," पेशकारकाका म्हणाले. आणि वरच्या कडेला, खरंच, एक दात अर्धा होता, माझा आहे त्याच बाजूला. मला हसू फुटलं, आणि आठ-दहा दिवस दाबून ठेवलेलं ते सगळं एकदम बाहेर आलं. कुणी माझ्या तोंडाकडे बघितलंही नाही. तिघेही पुन्हा तिकिटाकडे बघत होते.

त्या दिवसापासून मी त्या बैठकीत बसायला लागले. आधी पोहे देण्याच्या निमित्तानं, मग निमित्ताशिवाय. पाकिटाच्या कागदावरून तिकीट सोडवायचं काम माझ्याकडे आलं. पाण्यात कागद टाकायचा, डिंक मऊ व्हायची वाट बघायची, ओढायचं नाही, तिकीट आपणहून सुटू द्यायचं, मग टीपकागदावर पालथं वाळवायचं. माझ्यासारख्या उतावळ्या बाईला हे जमलं ह्याचं मला अजून नवल वाटतं. मास्तरांचे लांबलांबच्या मुलखांत पत्रमित्र होते. त्यांनी एकदा तीन कोपऱ्यांचं तिकीट आणलं, तेव्हा सासूबाई चुलीवरचं दूध तसंच सोडून बघायला आल्या, आणि दूध उतू गेलं त्याचा दोष मास्तरांना दिला. एका तिकिटावर मासा होता, एकावर आगगाडी, आणि ज्या देशाचं नाव तिघांनाही वाचता येत नव्हतं त्या देशाचा राजा. त्यावर दुपारभर भांडण झालं.

मग माझं पहिलं सूनमुख झालं. येरमाळ्याहून ह्यांचं पाकीट आलं होतं, त्यावर भारताच्या नकाशाचं नेहमीचं तिकीट. असली तिकिटं मामंजींकडे डबाभर होती. पण मी ते सोडवलं, वाळवलं, रविवारी ताटलीत ठेवलं आणि सांगितलं, "माझी नवी आलीय." कुणी हसलं नाही. तिघांनी क्रमानं आरशात बघितलं. मास्तरांनी भिंग लावून दात तपासले. पेशकारकाका बराच वेळ वाकून बसले आणि म्हणाले, "शिक्का साफ हाय. येरमाळा अक्षर अन् अक्षर वाचता येतं. ही जपून ठेवायची." मी एवढी फुगले की रात्री भाकरी गोड लागेना.

ह्या सगळ्या आनंदात अप्पांना धाडलेला निरोप मी साफ विसरले होते.

पुढे एका रविवारी मामंजी देवळातून जवळजवळ पळतच घरी आले. गुलबर्ग्याच्या कुणा यजमानानं जुन्या पत्रांचा गठ्ठा दिला होता, आणि त्यात तेच निजामी तिकीट होतं, त्याच किमतीचं, पण रंग ताजा, पाठ निर्मळ आणि दात सगळेच्या सगळे शाबूत. असं तिकीट मिळावं म्हणून मामंजी कितीतरी वर्षं पत्रं लिहीत होते, हे मला एव्हाना माहीत झालं होतं. त्या दिवशी आरसा मला धरायला दिला.

पेशकारकाकांनी बघितलं आणि 'वाहवा' म्हणून मांडीवर थाप मारली. मास्तर म्हणाले, "आता ती अर्ध्या दाताची काढा. तिची जागा हिला द्या, आणि ती देऊन टाका कुणाला तरी."

"कोण काढतंय रं तिला?"

दारात अप्पा उभे होते. धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेलं, पागोटं तिरकं, हातात काठी. मोटार अड्ड्यापासून ताडताड चालत आले असावेत.

"दात लपवला ती चुकी आमची," अप्पा म्हणाले. "पण पोर काय बाजारातली शेळी हाय, दात बघून घ्यायला न् काढून टाकायला? चल गं. पेटी आण. तुझ्या बापाचं घर अजून उभं हाय."

मला इतकं हसू येत होतं की आरसा हातात डुगडुगत होता. अप्पा माझ्याकडे बघत होते. तो दात मोडल्यापासून परक्या माणसांपुढे मी तोंड उघडून हसले नव्हते, हे त्यांना माहीत होतं. त्यांची काठी हळूहळू खाली आली.

"अप्पा, मी न्हाय," मी कसंबसं म्हटलं. "तिकीट! टपालाचं तिकीट!"

मामंजी उठले. व्याह्याच्या हातातली काठी घेऊन कोपऱ्यात ठेवली, त्यांना सतरंजीवर बसवलं, सासूबाईंनी पाणी दिलं, आणि मग सगळे एकदम बोलायला लागले. अप्पांना किती कळलं कोण जाणे. ते ताटलीतल्या तिकिटाकडे संशयानं बघत होते.

मामंजींनी मात्र आल्बम पुढे ओढला. ते पान उघडलं, जिथं ती विटलेली, अर्ध्या दाताची होती. चिमट्यानं त्यांनी नवं, शाबूत तिकीट उचललं, आणि मास्तरांच्या तळहातावर ठेवलं.

"हे तुमी घ्या, मास्तर."

मास्तर दचकले. "अहो, एवढी वर्षं ज्याची वाट बघितली…"

"घ्या म्हणतो न्हवं. आमची हाय ती ऱ्हाईल. बदलायची न्हाय." हे सांगताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, अप्पांकडेही बघितलं नाही. आल्बमवरून एकदा हात फिरवला आणि तो मिटला.

माझं हसू थांबलं. नादिष्ट माणसाला असं तिकीट हातातून सोडताना काय होतं हे त्या घरात मलाही कळायला लागलं होतं. माझे डोळे भरून आले, आणि मी ते पुसलेही नाहीत.

अप्पांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "म्हंजे मी उगाच आलो व्हय? तिकडं अव्वानं तुझ्यासाठी शेंगाच्या पोळ्या करून ठेवल्यात. तिला काय सांगू आता?"

"सांगा, दिवाळीला येते म्हणून," मी म्हटलं. "पण रविवारच्या आत परत आणून सोडा."